वहीतला थोरला

माळवाडी, ता. हातकणंगले
१८ मार्च २०२४

ती. वहिनी,

धाकट्या केरबाचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. माणसं ठीक आहेत. माझी शुगर आहे तिथंच आहे आणि तुमच्या जावेचे, अक्काताईचे, गुडघे पायरी दिसली की कुरकुरतात. तुमचा मोतीबिंदू काढला हे स्वप्नालीकडून कळलं. लेक आईची बातमी काकाला देते, पण आई देत नाही. मी दोनदा फोन केला होता. माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन तुमच्या भावाकडे देता, आणि गणपतरावांशी मी काजूच्या मोहरावर तरी किती बोलणार? म्हणून हे पत्र. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडली, लांब लिहायची सवय नाही. सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्या डोंगराच्या अंगाला पाऊस नावापुरता झाला. माळावरचं गवत दिवाळीआधीच संपलं आणि विहीर संक्रांतीला तळाला गेली. आता जनावरं चरायला सोडली तर दगड हुंगून परत येतात. उसाचं वाडं होतं तोवर भागलं, कारखाने बंद होत आलेत, आता तेही नाही. टँकर एक दिवसाआड येतो. त्यातलं माणसांना किती आणि गोठ्याला किती, यावरून अक्काताई आणि मी भांडतो, आणि गोठा जिंकतो. तुम्ही पावसाच्या मुलखातल्या. नवी नवरी म्हणून आलात तेव्हा आपली विहीर बघून म्हणाला होतात, "एवढ्यात आमच्याकडं भांडी घासत्यात." तुमच्या सासऱ्यांना, आबांना, केवढा राग आला होता. यंदा मला ते वाक्य रोज आठवतं.

गोठ्यात सर्जा वळू धरून सहा जनावरं राहिलीत. तुम्ही गेलात तेव्हा तेरा होती. दोन म्हाताऱ्या गायी आपल्या मरणानं गेल्या. पाच मी कार्तिकात बाजाराला काढल्या. वैरण सहा जणांची होती, अकरा जणांची नव्हती.

कुठल्या पाच काढायच्या हे मी मनानं ठरवलं नाही. तुमच्या वहीवरून ठरवलं. तीच वही, डेपोतल्या पाठकोऱ्या कागदांची, मीच शिवून आणून दिलेली. दादाच्या माघारी गोठा माझ्याकडे आला आणि मला कुठली गाय कुणाची हे कुठं माहीत? मी आठवड्यातून एकदा घरी येणारा माणूस. वहीत मात्र सगळं होतं. गायीचं नाव, तिच्या आईचं नाव, तिथी, आणि शेवटी बाप. बापाच्या जागी तुम्ही दोनच शब्द लिहिलेत, थोरला आणि दुसरा.

आपल्याकडे अलीकडे वळू दोनच होते. हौशा आधीचा, तो दादाच्या आधी सहा महिने गेला. सर्जा त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. म्हणजे थोरला तो हौशा, आणि दुसरा तो सर्जा. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. बापाला त्याची लेक दाखवायची नाही, हे शेण काढणाऱ्यालाही कळतं. वळू आता सर्जा एकटाच. मग मी दुसऱ्याच्या पाच पोरी विकल्या आणि थोरल्याच्या पाच सर्जासाठी ठेवल्या. मोठं डोकं चालवलं असं वाटून त्या दिवशी मी दोन कप चहा घेतला.

वहीवरूनच गेल्या चैत्रात मी चिमणीला सर्जा दाखवला होता, ती पौषात व्याली. पहिलंच वेत. खोंड झाला, रंगानं कोसा, अगदी सर्जावर गेलेला. पण त्याचा खालचा जबडा आखूड होता. आचळ तोंडात धरता येईना. बाटलीनं पाजलं तर निम्मं दूध नाकातून बाहेर. आपल्याकडे आता जनावरांच्या डॉक्टर म्हणून विद्याश्री नावाची मुलगी आली आहे, गडहिंग्लजची. धीट आहे. तिनं वासराचं तोंड उघडून बघितलं आणि मला विचारलं, "काका, चिमणीचा बाप कोण?"

मी म्हणालो, "वहीत थोरला हाय. म्हंजे हौशा."

अक्काताई बादली घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "थोरला म्हंजे हौशा कसा? थोरला म्हंजे ह्यो की." आणि हनुवटीनं सर्जाकडे दाखवलं. "जाऊबाई त्येचं नाव कसं घेतील?"

वहिनी, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सर्जाला आटपाडीकडून आणला तेव्हाच त्याचं ते नाव होतं. दादाचं नाव सर्जेराव. एका घरात दोन सर्जे झाले म्हणून गावानं महिनाभर चेष्टा केली. दादा म्हणाला, नाव बदललं तर जनावर बावरतं, राहू दे. पण तुम्ही ते नाव कसं घेणार? घरातला थोरला मुलगा दादा, म्हणून त्याच्या नावाचा वळू तुमच्या तोंडी थोरला झाला. आणि हौशा आधीचा असून दुसरा. मी अक्काताईला विचारलं, "मग तीन वर्सं गप का बसलीस?" ती म्हणाली, "तुमी इचारलासा कवा?"

डॉक्टरबाई आधी हसल्या. मग त्यांनी वासराकडे बघितलं आणि हसणं थांबलं. वासरू पाचव्या दिवशी गेलं.

म्हणजे मी उलटं केलं. सर्जाला चालल्या असत्या त्या पाच विकल्या आणि त्याच्या स्वतःच्या पाच लेकी त्याच्याच दावणीला ठेवल्या. मैना, बिजली आणि तांबडी त्याच्यापासूनच गाभण आहेत. डॉक्टर म्हणतात सगळीच वासरं तशी होतील असं नाही, एखादं चांगलंही निघेल. पण आता दिवस फार भरलेत, बघत राहण्याशिवाय इलाज नाही. विकलेल्या पाचांचा ठावठिकाणा नाही.

आता खरं काम लिहितो. दुसऱ्याची एकच पोर आपल्या माणसाकडे उरली आहे. ती म्हणजे तुमच्या वाटणीची हरणी. सर्जा अकराव्या वर्षात आहे. कोरड्या वैरणीवर बरगड्या मोजता येतील इतका उतरला आहे. डॉक्टरबाईंच्या मते या उन्हाळ्यात त्याच्यापासून वासरू मिळालं तर मिळेल, पुढच्या वर्षाची खात्री नाही. हा वळू असाच गेला तर दादानं वीस वर्षं जपलेलं सगळं तिथंच संपेल. आता शर्यतीच्या खोंडांसाठी लोक लांबून विचारत येतात आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. तुम्ही महिना-दीड महिना सर्जाला तिकडे ठेवून घ्याल का? हिरव्या चाऱ्यावर अंग धरेल, आणि हरणीला तो दाखवता येईल.

तुम्ही निघताना जे थोडं इकडंतिकडं झालं ते मनात ठेवू नका. उत्तराची वाट बघतो.

तुमचा धाकटा दीर,
केरबा


चंदगड
२९ मार्च २०२४

चि. केरबा भावजींना बायडाबाईचा आशीर्वाद. अक्काताईला गुडघ्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगा.

तुमचं पत्र आलं. गणपतराव म्हणाले वाचून दाखवू का, मी म्हटलं डोळा आता नवा आहे, माझं मी वाचते. दोनदा वाचलं. वासराचं वाचून जेवण गेलं नाही. चिमणी लहान असताना माझ्या पदराला चाटत मागं यायची. तिचं पहिलंच वेत असं जावं याचं मला फार वाईट वाटलं.

तुम्ही चार पानं लिहिलीत आणि जे लिहायचं ते गाळलंत. थोडं इकडंतिकडं काही झालं नव्हतं. जे झालं ते सांगते. ह्यांना जाऊन दोन महिने झाले होते. गायींची वाटणी करायला ओट्यावर चौघं बोलावले होते. मी दारात उभी राहून म्हणाले, थोरल्याच्या पाच पोरी मी चंदगडला नेते, दुसऱ्याच्या इथं राहू द्यात. थोरला आणि त्याच्या पोरी एका दावणीला नकोत, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्हाला वाटलं, वहिनी निवडून चांगल्या गायी न्यायला बघते. तुम्ही चौघांसमोर म्हणालात, "वहिनी, गोठ्यातलं गडीमाणसं बघत्यात. तुमी आत जावा."

मी आत गेले. त्यात नवं काही नव्हतं. कुणी गाय घेऊन आलं की आम्ही बायका आत जायचो, दार पुढं ओढून. चाळीस वर्षं गेले. पण आत बसून कान उघडे असायचे. कुणाची गाय आली, कुठला वळू सोडला, गाभ धरला की उलटली, सगळं ऐकून ठेवायची आणि मागनं वहीत लिहायची. ह्यांच्या ध्यानात काही राहायचं नाही. लोक म्हणायचे, गोठा बघावा तर ह्यांचा. ह्यांना ते गोड वाटायचं आणि मलाही वाटायचं, खोटं सांगत नाही.

नाव घेता आलं नाही ही माझी चूक. निदान वहीत तरी लिहायचं होतं. दोनदा पेन उचललं होतं, पण हात झाला नाही. तुम्ही हसाल. आताही होत नाही.

हरणीचं विचारलंत. ती मोकळी आहे, गाभण नाही. इथं दवाखान्यात आपल्या खिलार जातीचं इंजेक्शन मिळेना आणि दुसऱ्या जातीचं मी देऊ दिलं नाही. गणपतराव चिडतात, म्हणतात नुसती खाते आणि दूध नाही. मी म्हटलं, बसू दे. ती दर एकवीस दिवसांनी माजावर येते, येत्या महिन्याच्या मध्याला येईल.

त्याला ठेवून घेईन. गवत आहे, पाणी आहे. फक्त मृगाच्या आत परत न्या. इथला पाऊस त्याच्या खुरांना सोसायचा नाही, आठ दिवसांत कुजतील. मैना, बिजली आणि तांबडीला रोज मूठभर मीठ पाण्यातून द्या आणि व्यायला झाल्या की मला फोन करा. तेव्हा फोन मी घेईन.

पण आधी एक काम करायचं. मला माफीबिफी लिहू नका, तुम्हाला ती जमत नाही आणि मला वाचवत नाही. त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या चौघांच्या घरी जा. एकेकाला सांगा की बायडाबाई बरोबर बोलत होती आणि मी तिला आत धाडलं. चौघांना सांगून झालं की गाडी पाठवा. नाही जमलं तर पाठवू नका. मला राग नाही, पण त्याशिवाय तो इथं उतरलेला मला बघवणार नाही.

बायडाबाई


माळवाडी
११ एप्रिल २०२४

ती. वहिनी,

पाया पडतो. तुमचं पत्र आल्यावर मी चार दिवस ते कपाटावर टाकून ठेवलं. राग आला होता. साठी उलटलेल्या माणसानं स्वतःची अक्कल घरोघर वाटत फिरायची, ही कसली अट? अक्काताईनं पत्र वाचलं, घडी घालून परत ठेवलं आणि मला भाकरी वाढली. ती बोलली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सर्जा बसला तो उठेना. शेजारचे दोघं आणि मी, तिघांनी पोटाखालून पोतं घालून उठवला. उभा राहिला, पण मागचे पाय थरथरत होते. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "काका, हलवायचा तर आताच हलवा." त्या सलाईन लावत होत्या तेव्हा अक्काताई आत न जाता दावं धरून शेजारी उभी होती. कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, पण ते माझ्यापाशी राहू दे.

पाडव्याला गुढी उभारली आणि निघालो.

पहिला अमरसिंहाकडे गेलो. तो सरपंच होता तेव्हाच्या ऐटीत अजून खुर्चीवर बसतो. मी सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "आरं केरबा, मला तर त्यातलं कायबी आठवत न्हाय की." मी म्हटलं, तुला आठवत नसलं तरी ऐकून घे, मला सांगून मोकळं व्हायचंय. मग त्यानं ऐकलं. शेवटी म्हणाला, "वैनी हुशारच हुत्या," आणि पुन्हा हसला. एवढ्यात काय हसण्यासारखं होतं मला कळलं नाही.

मग सदाशिव मास्तर. त्यांनी मला बसवून घेतलं आणि बाप-लेकीचं रक्त एक झालं की काय होतं हे पाटी घेऊन अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, मास्तर, ते मला वासरानं समजावलंय, तुम्ही फक्त वहिनी बरोबर होत्या एवढं ध्यानात ठेवा. ते म्हणाले, ते वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, हवं.

तिसरे ईरप्पा. जनावरांचे व्यापारी. आपल्या पाच गायी त्यांनीच बाजारात खपवल्या होत्या. ते हसले नाहीत. त्यांनी पान लावलं. मग म्हणाले, "पाचीबी माझ्या हातनं गेल्या न्हवं. त्यातली एक सदलग्याला गेलीया, ठावं हाय मला. बघतो की मी." बघतील असं वाटतं. शब्दाचा माणूस आहे.

चौथा पांडबा. तो गेल्या आषाढात वारला, तुम्हाला कळलं असेल. मेलेल्या माणसाला काय सांगायचं, तीन झाले तेवढे बास, असं म्हणून मी घराकडे वळलो होतो. पण तीस वर्षं कंडक्टरकी केली आहे. चौघांनी पैसे दिलेत म्हटल्यावर तिकिटं चार फाडावी लागतात. म्हणून परत फिरलो आणि त्याच्या बायकोकडे गेलो.

बयाबाई दारात सूप घेऊन जोंधळे पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तुम्ही काय म्हणाला होतात, मी काय म्हणालो, वहीत काय होतं, मी काय वाचलं. तिचं सूप थांबलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "मला कशाला सांगतासा? मी हुतो की तितं."

मी म्हटलं, "तुमी कुठं? पांडबा हुता."

"त्ये बाहीर. आमी सात-आठ जणी तुमच्या आतल्या सोप्यात हुतो, दाराआड. वैनीस्नी तुमी आत जावा म्हनलासा, तवा त्या आमच्यातच यून बसल्या."

मी विचारलं, "मग थोरला कोन, ते तुमाला ठावं हुतं?"

"समद्यास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "बाहीर चौघं आन तुमी पाचवं, पाचाला पाच चुकीचं बोलत बसलासा. आमी आत बसून वाट बघत हुतो. म्हनलं, ह्यातला एक तरी गडी आत यून इचारंल. कुनी आलं न्हाय."

मग ती जोंधळ्यातले खडे वेचायला लागली आणि मी घरी आलो.

वहिनी, ओट्यापासून सोप्याच्या दारापर्यंत दोन पावलं आहेत. त्या दिवशी ती मी टाकली नाहीत आणि नंतर तीन वर्षं टाकली नाहीत. तुम्ही माफी लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. पण चिमणीचं वासरू माझ्यामुळे मेलं, आणि तुम्ही घर सोडलंत तेही माझ्यामुळेच. दादा असता तर त्यानं मला वाटेल ते बोलून घेतलं असतं, आणि ते मला बरं वाटलं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, निघून गेलात. ते मला फार लागलं होतं आणि मी ते रागाखाली झाकून ठेवलं होतं.

मैनाची कास भरायला लागली आहे. मीठ देतोय. बिजली आणि तांबडी नीट खातात. चिमणीला आणि पाचवीला आता सर्जाजवळ बांधत नाही, मधे पत्रे लावले आहेत. त्या दिवसभर पत्र्याकडे तोंड करून उभ्या असतात.

गाडी शनिवारी पहाटे निघेल. आंबोलीच्या बाजूनं न येता गडहिंग्लजवरून येऊ, म्हणजे चढ कमी लागेल. खाली गवताचा थर घालतोय, पाण्याचे दोन कॅन बरोबर. वही आणतोय, पण तीत मी काही लिहिलेलं नाही.

सर्जाबरोबर मी स्वतः येतोय. ठेवून घेतलंत तर दोन दिवस राहीन, नाहीतर जनावर उतरवून त्याच गाडीनं परत फिरेन. हरणीला तो दाखवायचा असेल तेव्हा अंगणात कोणी उभं राहायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही मला आत जा म्हणालात, तर मी जाईन आणि दार पुढं ओढून घेईन.

चौघांना सांगून आलेला,
तुमचा केरबा